दुरुस्त आणि तंदुरुस्त

मंडळी,

मे महिना सरत आला की गिरगावात आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक छत्रीवाले काका येऊन बसत. मागे पुठ्ठा टांगलेला: ‘छत्री दुरुस्ती’. मोडकी काडी काढायची, जुन्या छत्रीतली त्याच मापाची काडी घालायची, बारीक तारेनं आवळायची, कापडाचं सुटलेलं टोक दोन टाक्यांत शिवायचं. मग छत्री दोनदा उघडमीट करून बघायची. त्याशिवाय ती हातात मिळत नसे.

त्याच सुमारास गावाहून आजीचं पत्र आलं, ‘आता प्रकृती दुरुस्त आहे.’ मला फार हसू आलं. आजी म्हणजे काय छत्री आहे?

आजीचंच बरोबर होतं, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. ‘दुरुस्त’ फारसीतून आला. तिथं त्याचा अर्थ धड, नीट, बरोबर. मोडतोडीचा त्यात मागमूस नाही. तन म्हणजे शरीर, संस्कृत ‘तनू’चं भावंड. ते ज्याचं दुरुस्त, तो तंदुरुस्त! हा शब्द आपण रोज उच्चारतो, पण फोडून बघत नाही. वस्तू दुरुस्त करायची म्हणजे ती पुन्हा धडधाकट करायची. मला हा अर्थ फार लोभस वाटतो.

मुंबईकराला ‘दुरुस्ती’ म्हटलं की लोकल गाड्यांचा रविवारचा मेगाब्लॉक आठवतो, ‘देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी’. आम्हा चाळकऱ्यांना आठवतात टेकू. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली कायदा झाला, त्यासाठी उपकर, म्हणजे जादा कर, आला, आणि तो लागू असलेल्या इमारतीला ‘उपकरप्राप्त इमारत’ हा भारदस्त शब्दही आला. राज्यघटनेतही दुरुस्ती होते. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं महापालिका-नगरपालिकांना घटनेत स्थान मिळालं. तिथं काही मोडलेलं नव्हतं, हवं ते घातलं गेलं.

आणि मुलांचं मराठी? इथं आपण ते दुरुस्त करायला बसतो आणि नुसत्या चुका मोजतो. पोर गप्प होतं, इंग्रजीकडे वळतं. मीही हे केलंय, म्हणून कळकळीनं सांगतो.

गेल्या आठवड्यात वाऱ्यात नात ओरडली, “आजोबा, माझा छत्री उडाला!”

मी म्हटलं, “अगं हो, तुझी छत्री उडाली! चल, पकडू या.”

ती पुढे धावली. कुंपणाशी अडकलेली छत्री ओढत तिथूनच ओरडली, “सापडली! माझी छत्री सापडली!”