कलम ६ आणि निवारागृहाचं दार

मैत्रिणींनो, आज इथे निवारागृहांच्या अधीक्षिका आहेत, समुपदेशक आहेत, संरक्षण अधिकारीही आहेत. प्रश्न असा, की पारलिंगी स्त्री, म्हणजे जन्मावेळी पुरुष म्हणून नोंदली गेलेली पण स्वतःला स्त्री मानणारी व्यक्ती, मार खाऊन आली, तर तिला निवारागृहात घ्यायचं का? म्हणून कायद्यापासूनच सुरुवात करते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ६ सांगतं, की पीडितेने स्वतः किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केली, तर निवारागृहाच्या प्रमुखाने तिला आसरा द्यायचाच आहे. तिथे कुणाच्या मर्जीवर काही सोडलेलं नाही.

आता पीडिता कोण? बारामतीत एक पारलिंगी स्त्री नवऱ्याविरुद्ध याच कायद्याखाली न्यायालयात गेली. तिची लिंगबदल शस्त्रक्रिया आणि लग्न, दोन्ही २०१६ मधलं. दंडाधिकाऱ्यांनी तिला दरमहा १२,००० रुपये पोटगी मंजूर केली. ही या कायद्यातली स्त्रीच नव्हे, असं म्हणत नवरा मुंबई उच्च न्यायालयात गेला. मार्च २०२३ मध्ये न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी त्याचं म्हणणं फेटाळलं. पोटगीपर्यंत हे सगळ्यांना पटतं. पण जी व्याख्या तिला पोटगी देते, तीच तिला तुमच्या दारापर्यंत आणते.

त्या खटल्यातल्या स्त्रीची शस्त्रक्रिया झालेली होती, हे खरं. जिची झालेली नाही तिचं काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात लिंगओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह बेकायदेशीर ठरवला आहे. आणि मार खाऊन आलेल्या कुठल्या बाईचं शरीर तपासून आपण तिला आत घेतो?

‘त्यांच्यासाठी गरिमागृहं, म्हणजे पारलिंगी व्यक्तींसाठीची सरकारी योजनेतली निवारागृहं, आहेत ना’, हे उत्तर मी वारंवार ऐकते. ती हवीतच. पण प्रायोगिक टप्प्यात ती देशभरात मिळून १२ होती, आणि मुख्यतः निराधार, घरच्यांनी टाकलेल्यांसाठी. गडचिरोलीहून रात्री निघालेल्या बाईने त्यातलं कुठलं गाठायचं?

उरते आतल्या बायकांची भीती. पुरुषाच्या हातून सोसलेली एखादी जण नव्या बाईचा आवाज ऐकून दचकेल. ती भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. समुपदेशकाने आधी दोघींशी वेगवेगळं बोलावं, शक्य असेल तर सुरुवातीला खोली वेगळी द्यावी, न्हाणीघराला आतून कडी असावी. कडी तर सगळ्यांसाठीच हवी, आणि ती किती ठिकाणी धड नसते हे तुम्हाला ठाऊक आहे. धोका ओळखायचा तो वागण्यावरून. सासू-नणंदांनी जाळायला काढलेल्या सुना तुम्ही पाहिल्या आहेत. तरी स्त्री म्हणून कुणाला दारातून परत पाठवलं नाहीत.

संरक्षण अधिकाऱ्यांना एवढंच सांगते: विनंती तोंडी करू नका. पत्र द्या, त्यात कलम ६ लिहा, पोच घ्या. आणि प्रवेश नाकारला, तर कारण लेखी मागा.