कोळशाची मालगाडी आधी का सुटते?

मंडळी, कूलरचा आवाज जरा जास्तच येतोय. पण नागपुरात, मे महिन्यात, तो बंद करा म्हणायची माझी छाती नाही. मीच मोठ्यानं बोलतो. या कूलरला वीज नेमकी कुठून आली ते सांगता येणार नाही, ग्रिडमध्ये सगळी एकच होते. आपण कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राची समजू.

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासकांना ऊर्जा म्हटलं की आधी तेल दिसतं. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलाकडे वळलं. चर्चिल तेव्हा नौदलाचे मंत्री होते. कोळसा वेल्सचा, घरचा, तेल इराणचं. मग 1914 मध्ये सरकारनं अँग्लो-पर्शियन तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर्सच घेऊन टाकले. या अभ्यासकांतल्या वास्तववादी गटाचा हा लाडका दाखला. जगात देशांच्या डोक्यावर कोणी फौजदार नाही, तेव्हा ज्यानं त्यानं आपलं इंधन मुठीत ठेवावं.

1973 ची अरब तेलबंदीही ते याच खात्यात टाकतात. दुसरा गट उदारमतवाद्यांचा; ते मात्र पुढच्या वर्षाकडे बोट दाखवतात. 1974 मध्ये आयातदार देशांनी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था काढली. सदस्यानं निदान 60 दिवसांच्या, पुढे 90 दिवसांच्या, निव्वळ आयातीइतका साठा ठेवायचा आणि टंचाई आली तर झळ वाटून घ्यायची, असं ठरलं. भांडणापेक्षा नियम स्वस्त पडतात, हे त्यांचं म्हणणं मला रोजच्या व्यवहारापुरतं पटतं. रशियन गॅसच्या बाबतीत युरोपनं याच विचारावर भिस्त ठेवली आणि 2022 मध्ये तोंडघशी पडला. पाइपलाइन दोन्ही टोकांना बांधते, हे खरंच. पण तोटी बंद झाल्यावर आधी कासावीस कोण होतं, हा हिशेब राहून गेला.

मार्क्सच्या वाटेनं आलेले अभ्यासक देशांऐवजी माणसांकडे बघतात. भूमिगत खाणीतले कामगार आणि रेल्वेवाले हटून बसले तर कोळसा जागचा हलत नाही, म्हणून त्यांच्या संपाला वजन होतं. तेल पाइपातून, टँकरमधून जातं. तिथं अडवायला माणसंच थोडी. विचार झकास आहे. पण एकदा इथं जवळच उमरेडच्या कोळसा खाणीवर जाऊन या. उघडी खाण, अवाढव्य शॉव्हेल आणि डंपर, त्या मानानं माणसं विरळ. म्हणजे कोळसासुद्धा आता तेलासारखा वागू लागलाय.

राहिले रचनावादी. त्यांची मी पूर्वी थोडी टिंगल करायचो. कशाला ‘सुरक्षेचा प्रश्न’ म्हणायचं हे आधी शब्दांत ठरतं, असं ते सांगतात. 2022 चा उन्हाळा आठवा. विजेची मागणी चढली, वीजकेंद्रांवरचे कोळशाचे साठे घटले. आपला देश कोळशावर बसलेला, तरी केंद्र सरकारनं वीजकेंद्रांना परदेशी कोळसा मिसळायला सांगितलं; युक्रेन युद्धामुळे तोही महागलेला. रेल्वेनं देशभरात शेकडो प्रवासी गाड्यांच्या फेऱ्या रद्द केल्या, कोळशाला वाट मोकळी हवी म्हणून. एरवी पॅसेंजर तासभर लेट झाली तर आपण स्टेशन मास्तरला धारेवर धरतो. तेव्हा फारशी ओरड झाली नाही. ‘राष्ट्रीय निकड’ म्हटलं की पुरे होतं.

फाटकावर अडकलात तर कोळशाच्या रेकचे, म्हणजे अख्ख्या मालगाडीचे, डबे मोजून बघा, अठ्ठावन-एकोणसाठ भरतात. तेवढ्या वेळात एक प्रश्न सुचतो: निकड कुणाची, हे कोण ठरवतं? त्यावर तुमचं काय म्हणणं आहे, ते ऐकतो. माइक मागे द्या.