पोत्यात काय आहे?

(दृश्य: गोठा. पशुखाद्याचं नवं पोतं उघडलं जातंय.)

पोत्याची शिवण उसवली की बाईचा हात आधी आत जातो. मूठभर गोळी पेंड नाकाशी धरायची, एखादी गोळी चिमटीत मोडून बघायची. वास कुबट आला तर आज गायीला जरा कमी टाकायची. प्रवरेच्या पट्ट्यात, संगमनेर-राहुरीकडे, दोन-तीन संकरित गायींच्या गोठ्यात पोत्याची तपासणी बहुतेक वेळा एवढीच होते.

आणि याच पोत्यावर घरचा हिशेब उभा आहे. दुधाच्या उत्पादनखर्चात 60 ते 70 टक्के वाटा चारा आणि खाद्याचा असतो. दहा दिवसांचा दुधाचा पगार हातात पडतो, तेव्हा पेंडीचे पैसे त्यातून आधीच वळते झालेले असतात.

पोत्यावर छापलेलं असतं, प्रथिने 20 टक्के, 22 टक्के. भारतीय मानक ब्युरोने प्रतीप्रमाणे तसे आकडे ठरवून दिलेत. पण प्रयोगशाळेत प्रथिनं सहसा थेट मोजत नाहीत. खाद्यातलं नत्र मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. युरियात नत्र 46 टक्के. म्हणजे 100 किलो खाद्यात एक किलो युरिया मिसळला, की कागदावर प्रथिनं जवळजवळ 3 टक्क्यांनी वाढली! गायीच्या पोटातले जिवाणू थोडाफार युरिया वापरतात, हे खरं. पण शेतकऱ्याने पैसे मोजलेत ते पेंडीचे. युरियाची तपासणी वेगळी मागावी लागते, आणि दोन गायींवाला ती कुठे मागणार?

(दृश्य: गावातली भरडा गिरणी. मका दळला जातोय.)

मग खाद्य गावातच का करू नये?

करता येतं. 100 किलोला मका भरडा 30, सरकी पेंड 25, सोयाबीन पेंड 15, गव्हाचा कोंडा 15, तूर चुनी 12, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1. माल चांगला असेल तर प्रथिनं 19-20 टक्क्यांच्या आसपास बसतात. गिरणी, मिसळायचं यंत्र आणि वजनकाटा, एवढ्यावर काम सुरू होतं. कशात काय पडतंय ते समोर दिसतं, ही यातली सगळ्यात मोठी कमाई.

अडतं ते पैशाशी. नवी सरकी पेंड बाजारात येते ती कापसाच्या हंगामात, आणि तिचा भाव वायदे बाजारातही हलतो. मोठा कारखाना स्वस्ताईत गोदाम भरून ठेवतो. गावची गिरणी आठवड्याच्या मालावर चालते, म्हणून तिला प्रत्येक वेळी चढा भाव लागतो. त्यात उधारी. दूध संस्था पोतं आज देते आणि पैसे पगारातून कापते. गिरणीवाल्या बचत गटाला तेवढं थांबणं परवडत नाही. आमच्या मते गावची गिरणी बंद पडते ती इथे. यंत्रासाठी अनुदान मिळवण्याची धडपड सगळे करतात, पण कच्च्या मालासाठी खेळतं भांडवल कोण देणार, हे आधी ठरायला हवं. संस्थेनेच गिरणीचा भरडा पगारातून कापून घ्यायचं मान्य केलं, तर अर्धी अडचण तिथेच सुटते.

शिवाय शेतकऱ्याची नजर गोळीला सरावलेली आहे. भरड्यातलं आवडेल ते गाय निवडून खाते, धूळ उडते. त्यावर गोठ्यातला उपाय सोपा आहे. भरडा थोडा ओलावून कुट्टीत, म्हणजे बारीक कापलेल्या चाऱ्यात, कालवायचा.

(दृश्य: खळ्यावर पसरलेली मक्याची कणसं. आकाशात ढग.)

सगळ्यात मोठी धास्ती या ढगांची. खरिपाचा मका काढणीला येतो आणि परतीचा पाऊस गाठतो. ओला मका पोत्यात भरला की बुरशी, आणि बुरशीतून अफ्लाटॉक्सिन. मानकाने खाद्यात त्याची मर्यादा किलोमागे 20 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. हे विष दळून, वाळवून जात नाही आणि गायीच्या पोटातून दुधात उतरतं. ते दूध आपलीच लेकरं पितात. तेव्हा गिरणीत दुसरं यंत्र घेण्याआधी ओलावा मोजायचं छोटं मीटर घ्यावं, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगू.

मक्याला आता कोंबडीखाद्याबरोबर इथेनॉलचंही गिऱ्हाईक आलंय. भाव मिळतो तो पिकवणाऱ्याला, आणि महागाई सोसतो गायवाला. कित्येक घरांत ही दोन्ही माणसं एकच असतात. इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, डीडीजीएस, प्रथिनांना चांगला आणि बऱ्याचदा स्वस्तही. पण मक्यातलं पिष्ट निघून गेलं की उरलेल्या चोथ्यात मूळ विष सुमारे तिपटीने दाटतं. तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय तो घेऊच नये.

(दृश्य: उसाचा फड. वाढ्यांच्या मोळ्या.)

खाद्याचा खर्च पोत्यातच कमी होतो असं नाही. हिवाळाभर इथल्या गायी उसाच्या वाढ्यावर, म्हणजे तोडलेल्या उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, असतात. त्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. गाय दुबळी पडते, गाभण राहत नाही, आणि घरचे खुराक वाढवत बसतात. रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि वाढ्याच्या जोडीला दुसरी वैरण, एवढ्याने फरक पडतो.

दुसरी वैरण म्हणजे मुरघास, हवाबंद मुरवून टिकवलेला हिरवा चारा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा आफ्रिकन टॉल मका पेरायचा. कणीस चिकात आलं की कापायचा, बारीक कुट्टी करायची, पिशवीत थर देत पायाने तुडवत हवा काढायची आणि तोंड घट्ट बांधायचं. एकरात 15 टन हिरवा मका आला, तर रोज 20 किलोप्रमाणे दोन गायींना जवळजवळ वर्षभर पुरतो. 2018-19 च्या दुष्काळात जनावरं घेऊन चारा छावणीत राहिलेल्या माणसाला या हिशेबाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

(दृश्य: पंचेचाळीस दिवसांनंतर. मुरघासाची पिशवी सोडली जातेय.)

तोच हात पुन्हा आत जातो. मूठ पुन्हा नाकाशी. या वेळी वास आंबूस-गोड, मुरलेल्या लोणच्यासारखा. रंग पिवळसर हिरवा. दोन पाट्या भरून झाल्या की ती पिशवीचं तोंड लगेच दोरीने आवळते. हवा लागली तर उद्या बुरशी धरेल.