पेशव्यांच्या पैशातला रिसाला

मंडळी, लक्ष्मी रस्त्यावरून जाताना हुजूरपागा ही आपल्याला मुलींची शाळा म्हणूनच दिसते. पागा म्हणजे घोडे बांधायची जागा, हे सांगावं लागतं. पेशव्यांचे घोडे तिथं असत. आज भारतीय लष्करातल्या ज्या पूना हॉर्सबद्दल बोलायचंय, तिलाही बरेच जण पलटण म्हणतात. पलटण पायदळाची, घोडदळाचा असतो तो रिसाला.

मराठी फौजेत बारगीराला घोडा सरकारी मिळे. शिलेदार मात्र घोडा नि हत्यारं घरून आणी. त्याचा मान मोठा, पण घोडा पडला की कर्जही मोठं. इंग्रजांनी हीच रीत उचलली. रिसाल्यात शिरताना गडी घोड्यापोटी रक्कम भरायचा आणि त्या जागेला म्हणायचे ‘असामी’. सरकारला हा सौदा स्वस्तात पडे. पहिल्या महायुद्धात मात्र हजारो घोडे भराभर मरू लागले, तेव्हा नवा घोडा कुणाच्या खिशातून आणायचा? युद्धानंतर ही पद्धत बंद झाली.

तर, 13 जून 1817. पुण्याचा तह. वसईच्या तहाप्रमाणे दुसऱ्या बाजीरावानं कंपनीच्या मदतीला स्वार द्यायचे होते. आता त्याऐवजी चौतीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा नि स्वार कंपनीनंच उभे करायचे, असं ठरलं. त्यातून उभा राहिला पूना ऑक्झिलरी हॉर्स. पुढच्याच 1 जानेवारीला भीमाकाठी कोरेगावात हे स्वार पेशव्यांच्या फौजेविरुद्ध लढले. म्हणजे पगाराचा पैसा बाजीरावाच्या मुलखातला आणि तलवार त्याच्यावरच. आपल्याला आवडो न आवडो, या रिसाल्याची जन्मपत्रिका अशी आहे.

त्याची दुसरी शाखा म्हणजे तिसरी बॉम्बे लाइट कॅव्हलरी, 1820 साली शिरूरला उभी राहिलेली. 8 फेब्रुवारी 1857 ला इराणात खुशाबजवळ समोर इराणी पायदळाचा चौकोन होता, चहूबाजूंनी संगिनी रोखलेल्या. घोडा बिचारा अशा भिंतीवर जात नाही, बुजून वळतो. मूर नावाच्या लेफ्टनंटनं आपला घोडा सरळ आत घातला. घोडा मरून त्याच्याच अंगावर कोसळला, तलवार मोडली. त्याचा सोबती लेफ्टनंट माल्कमसन गर्दी कापत आला, आपली रिकीब त्याच्या हाती दिली आणि त्याला ओढत बाहेर काढलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. त्या लढाईत हाती लागलेल्या निशाणाच्या टोकावर चांदीचा पंजा होता. तो आजही रिसाल्याचा मानाचा ठेवा आहे.

1921 मध्ये दोन्ही शाखा एक झाल्या. 1938 पासून हिंदुस्थानी रिसाल्यांत घोडे जाऊन इंजिनं येऊ लागली. पहिल्या मानकऱ्यांत सिंध हॉर्स होता. पण शब्द तसेच राहिले. रणगाड्याच्या पोटात बसलेला जवान आजही ‘सवार’, त्याच्या वर दफादार, त्याच्याही वर रिसालदार. पायदळातला हवालदार इथं दफादार होतो.

1965 साली पूना हॉर्सचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले पारशी गृहस्थ, आधी हैदराबादच्या संस्थानी घोडदळात होते. सियालकोट भागात फिलोऱ्याला जखमी होऊनही मागे गेले नाहीत. 16 सप्टेंबरला बुतुर-डोग्रांदीजवळ पडले. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात हिशेब आहे: शत्रूचे साठ रणगाडे गेले, आपले नऊ.

1971 चं नाव तुम्हाला माहीत आहे, याच रिसाल्यातला अरुण खेत्रपाल. वय एकवीस. कमिशन मिळालं 13 जूनलाच, पुण्याच्या तहाच्या तारखेला, योगायोगच. 16 डिसेंबरला बसंतर नदीपलीकडे जरपालला त्याच्या सेंच्युरियन रणगाड्याला आग लागली, तरी तोफ चालत होती म्हणून तो उतरला नाही. रणगाड्याचं नाव ‘फामागुस्टा’. तो पुढे दुरुस्त करून नगरला, आताच्या अहिल्यानगरला, आर्मर्ड कोअरच्या, म्हणजे रणगाडा दलाच्या, केंद्रात जपून ठेवला आहे. पुण्याहून तीन तासांच्या वाटेवर, आणि वाटेत शिरूर लागतं.