पुसण्याआधी बघा

सेस्ना १७२ या छोट्या विमानाला कुठलं पॉलिश चांगलं, हे प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. मी डबीचं नाव सांगत नाही. आधी विमानापाशी चला. पंखाच्या वरच्या अंगाला ऊन सगळ्यात जास्त लागतं, तिथे बोट फिरवा. चुन्यासारखी भुकटी बोटाला लागली, तर रंगाचा वरचा पापुद्रा उन्हाने खाल्लाय आणि तेवढा काढायला हवा. भुकटी नसेल, रंग नुसता कळकट दिसत असेल, तर सौम्य साबणाने धुवा, मेण लावा. पॉलिशला हातसुद्धा लावू नका.

दुकानात या दोन्ही डब्या शेजारी ठेवलेल्या असतात, म्हणून घोटाळा होतो. पॉलिशमध्ये घासणारी बारीक पूड असते, ते रंग काढतं. मेण रंगावर बसतं. आता रंगाचा थर केवढा? साधारण वहीच्या पानाएवढा! दरवर्षी हौसेने पॉलिश करत गेलात, की काही वर्षांत रंगाखालचा अस्तराचा थर, म्हणजे प्रायमर, डोकावतो. पहिल्यांदा रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, डोक्यांवर आणि पत्र्याच्या कडांवर, कारण तिथे रंग मुळातच पातळ बसतो. बफिंग मशीन तिथे नेऊच नका. पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, आतल्या मिश्रधातूला गंजापासून तोच वाचवतो. जुहूसारख्या समुद्राकाठच्या धावपट्टीवर खारी हवा रात्रंदिवस लागते. तिथे हा मुलामा घासून घालवणं मला अक्षम्य वाटतं.

रंग ताजा असेल, तर थांबा. तो पुरता पिकेपर्यंत मेण चढवू नका. किती दिवस, ते विमानाच्या पुस्तिकेत असतं.

डबी निवडताना मी एकच गोष्ट हटकून बघतो: सिलिकॉन आहे का? गाड्यांच्या पुष्कळ पॉलिशमध्ये असतं. चकाकी झटकन येते, पण ते रिव्हेटच्या खाचांत, पत्र्याच्या जोडांत शिरतं आणि धुऊन निघत नाही. पुढे कधीतरी रंग मारायची वेळ आली, की नवा रंग त्या जागेवरून सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. मी स्वतः एका एलेव्हेटरचा, म्हणजे शेपटीवरच्या हलत्या फळीचा, रंग यापायी दोनदा उतरवलाय. म्हणून सिलिकॉन नसलेलं कार्नोबा मेण घ्या. पंखांच्या आणि शेपटीच्या पुढच्या कडा, काउलिंगचं (इंजिनावरच्या झाकणाचं) नाक, स्पिनर (पंख्याच्या मधली टोपी) यांवर जरा जाड हात द्या. धूळ आणि किडे तिथेच आपटतात.

आणि फडकं फिरवण्याआधी बघा, हे मी जीव तोडून सांगतो. रिव्हेटमागे काळसर ओघळ दिसला, तर तो रिव्हेट ढिला होऊन हलतोय. काळी पूड त्या घासण्याची आहे. पुसून चकचकीत केलंत, तर पुढच्या माणसाला दिसणार काय? आधी खूण करा, नोंद करा, मग पुसा. पुढच्या काचेला मात्र यातलं काहीही नको. ती ॲक्रिलिक असते. पेट्रोल, थिनर, घरातलं काच पुसायचं औषध, सगळं वर्ज्य. भरपूर पाणी आणि मऊ फडकं, तेही गोल न फिरवता वरखाली.

शेवटी, स्टॅटिक पोर्ट, म्हणजे उपकरणांना बाहेरच्या हवेचा दाब पोचवणारं भोक. १७२ वर डाव्या बाजूला, पुढच्या अंगाला ते बारीक भोक असतं. पॉलिशचा लगदा त्यात गेला, तर उंची, वेग, चढ-उतार सगळंच चुकीचं दिसतं. म्हणून टेप लावतो. पण २ ऑक्टोबर १९९६ ला पेरू देशातल्या लिमाहून एरोपेरू कंपनीचं बोइंग ७५७ निघालं, तेव्हा धुण्यापुसण्याच्या वेळी लावलेली टेप पोर्टवर तशीच राहिली होती. रात्र होती, खाली समुद्र. वैमानिकांना उंची कळेना, वेग कळेना. विमानातले सत्तरच्या सत्तर जण गेले. आपल्या हँगरमध्ये टेप भडक नारिंगीच वापरायची, पत्र्याच्या रंगाची कधीही नाही. तिला लांब लाल फीत बांधायची. किती तुकडे लावले, तो आकडा वहीत लिहायचा. काम संपल्यावर दुसऱ्या कुणीतरी ते तुकडे हातात घेऊन मोजायचे आणि त्या आकड्यापुढे सही करायची.