प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये मूल कुठं असतं?

(अंगणवाडी सेविका आणि पर्यवेक्षिकांसमोर पालघर जिल्ह्यात केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर माझ्या नावापुढं 'दिव्यांग बालकांच्या समावेशासाठी सेविकांचं प्रशिक्षण : एक आराखडा' असं छापलंय. आराखडा सांगणार आहेच. पण त्याआधी मला एका मदतनीसताईंबद्दल बोलायचंय. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे बसणं, खाणं, खेळणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणारी, लहान मुलांबरोबर काम करण्यात आयुष्य गेलं, आणि प्रशिक्षण कसं असावं याबद्दल मला जे कळलंय त्यातलं निम्मं मी या बाईंकडून शिकले.

डहाणू तालुक्यातला एक पाडा. तिथं चार वर्षांचा एक मुलगा होता. त्याला आपण सोन्या म्हणू. त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्यानं शरीराच्या हालचालींवर ताबा नाही. मान सावरायची नाही, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. अंगणवाडीच्या पटावर त्याचं नाव होतं, आई रोज डबा घेऊन यायची आणि त्याच्या वाटणीची खिचडी घरी न्यायची. खिचडी त्याच्यापर्यंत पोचत होती, अंगणवाडी पोचत नव्हती. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. 'पडला-बिडला तर?' ही भीती सेविकेलाही होती आणि आईलाही.

एक दिवस आईला तालुक्याला जायचं होतं, म्हणून ती त्याला तासाभरासाठी ठेवून गेली. मदतनीसताईंनी मांडीवर आडवं घेऊन भरवायला सुरुवात केली. दुसऱ्याच घासाला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, मूल लालबुंद. अशा वेळी कुणीही म्हणेल, बाई, याला उद्यापासून आणू नका. या बाई मात्र थांबून त्याच्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या सासऱ्यांना लकवा झाला होता. ते उताणे असले की घास घशात अडकायचा, बसते केले की उतरायचा, हे त्यांनी घरी रोज पाहिलेलं.

मग त्यांनी काय केलं ते नीट ऐका. खोलीच्या कोपऱ्यात, जिथं दोन भिंती मिळतात तिथं, सोन्याला बसवलं. दोन्ही अंगांना घडी केलेल्या गोधड्या लावल्या. तांदळाची रिकामी गोणी गुंडाळून गुडघ्यांच्या मधे ठेवली, म्हणजे पाय एकमेकांवर चढणार नाहीत. स्वतः समोर, त्याच्याहून थोड्या खाली बसल्या आणि चमचा समोरून, खालच्या बाजूनं नेला, म्हणजे घासासाठी त्याला मान वर करावी लागली नाही. अर्धी वाटी खिचडी, एक ठसका नाही. अहो, मी कॉलेजात हेच शिकले होते! पाठीला आधार, पाय वेगळे, हनुवटी किंचित खाली.

खरी गंमत पुढं आहे. तोवर सोन्यानं जग उताणं बघितलेलं. आढं, पत्रे आणि वाकून बघणारे चेहरे. बसता झाल्याबरोबर त्याला समोर वीस पोरं दिसली. एका मुलीनं त्याच्यापुढं ताट सरकवलं, सोन्याचा हात ताटावर आपटला, आवाज झाला. पोरं हसली. त्यानं पुन्हा आपटला, या वेळी मुद्दाम. दुसऱ्या आठवड्यात गाण्याच्या वेळी ताट वाजवायचं काम सोन्याचं, आणि दुसऱ्या कुणी ताटाला हात लावला की तो ओरडायचा.

दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर गेले, पाड्यावरची निम्मी घरं जातात तशी. ते निघण्याआधी ताईंनी आईला सोन्याला कसं बसवायचं ते दोनदा करून दाखवलं होतं. माघात मी भट्टीवर गेले, तर कच्च्या विटा काटकोनात रचून, आतून गोणपाट लावून आईनं त्याला जागा केलेली. त्यात तो बसला होता.

आता माझी तक्रार. त्याच वर्षी सेविकांचं दोन दिवसांचं दिव्यांगत्वाचं प्रशिक्षण झालं. कुठं ते सांगत नाही, कारण असं बऱ्याच ठिकाणी होतं. मोठा हॉल, पडद्यावर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातले दिव्यांगत्वाचे 21 प्रकार, प्रत्येकाची व्याख्या. सेविका वहीत उतरवून घेत होत्या. सोन्याच्या सेविकेनं हात वर केला : 'माझ्याकडं एक मूल आहे, गोष्टीच्या वेळी त्याला कुठं बसवू?' उत्तर आलं, 'त्याला रेफर करा', म्हणजे पुढं डॉक्टरांकडं पाठवा. मी तिथं बसलेली होते आणि उठून बोलले नाही, याचा मला आजही त्रास होतो. त्या हॉलमध्ये एकही मूल नव्हतं. एकही आई नव्हती. आणि ज्यांना उत्तर माहीत होतं त्या मदतनीसताई पाड्यावर खिचडी शिजवत होत्या, कारण मदतनीसांना बोलावणंच नव्हतं.

मला हे इतकं का लागतं ते सांगते. तुमच्या बालवाडीतली दट्ट्यांची पेटी, काचकागदाची अक्षरं ही साधनं आली कुठून? माँटेसरीबाईंनी 1907 साली रोममध्ये बालगृह काढलं, त्याआधी त्या मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर काम करत होत्या. त्यांच्या कितीतरी साधनांचं मूळ इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांनी अशाच मुलांसाठी केलेल्या कामात आहे. म्हणजे बालशिक्षणाची आपली ही पेटीच दिव्यांग मुलांच्या हातून आपल्याकडं आली, आणि बालवाडीत जागा देताना आपण त्यांनाच विसरलो.

माँटेसरीचा तो विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी आपल्या मातीत रुजवला. 1945 साली ताराबाईंनी इथं बोर्डीला काम सुरू केलं, त्यांच्या सहकारी अनुताई वाघ आल्या, पुढं हे काम जवळच्या कोसबाडला गेलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. ज्या जिल्ह्यात मूल येत नाही म्हणून शाळा मुलाकडं गेली, तिथं सोन्याचा फक्त डबा घरी जावा?

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं राहिली. आराखडा भराभर सांगते.

पहिलं म्हणजे, निम्मं प्रशिक्षण अंगणवाडीतच व्हावं. चार-पाच अंगणवाड्यांच्या सेविका आणि मदतनीस एकत्र, समोर एक मूल आणि त्याची आई. 21 प्रकार पुस्तकात आहेत, ते तिथंच राहू द्या. आधी बघायला शिकवा : हे मूल आज काय करतं? बसतं का? कशाला धरून? हाक मारली की वळतं का? वस्तू मुठीत धरतं की चिमटीत? मग दिवसाच्या एकेका कामात एकच बदल ठरवा. गाण्यात काय, गोष्टीत काय, खाऊत काय, हात धुताना काय.

रेफर करू नका असं मी म्हणत नाही. नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसलं नाही, दीड वर्षापर्यंत चाललं नाही, तर लगेच आशाताईंना आणि नर्सबाईंना कळवा. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये याच पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण त्याची वाट बघत बसू नका. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राचा दिव्यांग बालकांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल, म्हणजे कामाची ठरवलेली पद्धत, आला. त्यातही लवकर ओळखणं आणि पुढं पाठवणं याबरोबर मुलाला सामावून घेणं आणि कुटुंबाला बळ देणं आहे. पाठवल्यावरही मूल दुसऱ्या दिवशी तुमच्याच सतरंजीवर बसणार असतं. आणि 2016 चा कायदा मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून देतो, त्यामुळं आधीची वर्षं बरीचशी तुमच्याच हातात आहेत.

शेवटचं, महिन्याभरानं शिकवणाऱ्यानं परत जायलाच हवं. पहिल्या भेटीत बसवायचं कसं ते कळतं, दुसऱ्या भेटीत 'आता बसतो, पण बाकीच्यांना ढकलतो, काय करू?' हा प्रश्न येतो, आणि त्यानंतरच खरं शिक्षण सुरू होतं.

मागं पर्यवेक्षिकाताई बसल्यात, त्यांना एक मागणं आहे. पुढच्या प्रशिक्षणाची यादी कराल तेव्हा मदतनीसांची नावं आधी लिहा, आणि त्या दिवशीच्या स्वयंपाकाची सोय करा, म्हणजे त्यांना येता येईल.