एक कढ काढला की झालं?

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या सासूबाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं, ‘एक कढ काढ, मगे काय्येक होवचा नाय.’ रात्रीची आमटी असो, सकाळचं कालवण असो, सगळ्याला औषध एकच. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा हेच वाक्य वर्गात घेऊन जायची. त्यातलं अर्धं अगदी खरं आहे. उरलेल्या अर्ध्याने आमच्याच घरात एकदा पंगत उठवली होती, ती गोष्ट आधी सांगते.

वैशाखातला दिवस. आमच्या यजमानांनी मालवणच्या बंदरावरून सकाळी नऊला बांगडे घेतले. निळसर-हिरवी चमकती पाठ, लालभडक कल्ले, बोट दाबलं तर खळगा पडणार नाही असे. पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि स्वारी आधी बँकेत, मग विजेचं बिल भरायला, मग एका मित्राच्या पडवीत. घरी यायला एक वाजला. बांगड्यांना वास नव्हता, डोळेही ठीक दिसत होते. सासूबाईंनी तिरफळं घालून झणझणीत तिखलं केलं, चांगलं रटरटवलं. जेवून अर्धा तास झाला नसेल, तर दीर आरशासमोर उभे! तोंड लालबुंद, ओठांभोवती मुंग्या, डोकं ठणकतंय, मानेवर पित्ताच्या गांध्या. ‘बांगडो बाधलो’ असा निर्णय झाला, आमसुलाचं पाणी अंगाला चोळलं, आणि शेवटी डॉक्टरांनी ॲलर्जीची गोळी दिली. संध्याकाळपर्यंत सगळं ओसरलं. दीरांनी मात्र पुढची दोन वर्षं बांगडा पानात घेतला नाही. मग एका लग्नात नाईलाजाने खाल्ला, तर काहीही झालं नाही.

कारण ती ॲलर्जी नव्हतीच. बांगडा, कुपा, सुरमई, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा मेला की त्याच्या कल्ल्यांतले आणि पोटातले काही जंतू उबेत वाढतात आणि या हिस्टिडीनचं हिस्टमीन करून टाकतात. ॲलर्जीत आपलं शरीर जे हिस्टमीन स्वतः सोडतं, तेच इथे आयतं ताटात येतं. म्हणून लक्षणं तीच आणि गोळीही तीच. आता सासूबाईंच्या कढाचं काय झालं? कढाने जंतू मेले, पण त्यांनी चार तासांत करून ठेवलेलं हिस्टमीन तसंच राहिलं. ते उकळून जात नाही, तळून जात नाही, गोठवूनही जात नाही. वासावरूनही ते ओळखता येत नाही. नाक हे कोकणी माणसाचं सगळ्यात विश्वासू हत्यार, पण इथे ते फसतं.

म्हणजे प्रश्न चुलीवरच्या मिनिटांचा कमी आणि चुलीआधीच्या तासांचा जास्त. अनुकूल तापमान मिळालं तर ई. कोलाय हा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. तासाभरात आठ, तीन तासांत ५१२, सात तासांत वीस लाखांच्या वर. आणि अनुकूल म्हणजे किती? साधारण ३७ अंश सेल्सिअस, आपल्या अंगाएवढं. प्रयोगशाळेत यासाठी इन्क्युबेटर नावाचं उबदार कपाट असतं. आमच्या कॉलेजात मे महिन्यात वीज गेली की ते बंद पडायचं आणि मुली घाबरायच्या, बाई, आता प्रॅक्टिकल कसं होणार? मी म्हणायची, ताटल्या टेबलावरच राहू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काचेच्या ताटल्यांत जंतूंचे पिवळे-पांढरे ठिपके टरारून उगवलेले असायचे. किनाऱ्यावरचं आपलं स्वयंपाकघर, बत्तीस-तेहेतीस अंश आणि वर दमट हवा, म्हणजे दार नसलेलं इन्क्युबेटरच. अन्नासाठी धोक्याचा पट्टा ५ ते ६० अंशांचा मानतात. आपण बारा महिने त्याच्या ऐन मध्यावर राहतो.

यात आपला फायदाही आहे, तो नाकारून चालणार नाही. आंबोळीचं पीठ उन्हाळ्यात रातोरात भांड्याबाहेर येतं ते याच उबेमुळे. तिथे वाढणारे जंतू आंबटपणा तयार करतात, आणि आंबटात रोगजंतूंना सहसा वाढता येत नाही. पण ओल्या खोबऱ्याच्या वाटणाला असा पहारेकरी नसतो. त्यात पाणी आहे, साखर आहे, प्रथिनं आहेत. दुपारपर्यंत ते उतरतं. सोलकढीत कोकमाचा आंबटपणा असला तरी ती ताजीच प्यावी, हे सांगायला माझी गरज नाही.

आता भात. भाताचा कोणाला संशय येत नाही. तांदळात मातीतून आलेला बॅसिलस सीरियस नावाचा जंतू असतो. भात उकळताना तो मरतो, पण त्याचे बीजाणू मरत नाहीत. बीजाणू म्हणजे जंतूने स्वतःभोवती बांधलेली कवटी समजा. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष उकळत्या पाण्याला तर जुमानत नाहीच, कुकरमधल्या १२० अंशांपुढेही टिकून राहतं. म्हणून दुपारचा भात झाकून ओट्यावर राहिला, रात्री त्याला मस्त फोडणी दिली, आणि खाल्ल्यावर दोन-तीन तासांत ओकाऱ्या सुरू झाल्या, तर दोष फोडणीचा नाही. दुपार ते रात्र या वेळेचा.

जुन्या बायकांना हे कसं कळत होतं देव जाणे. चुलीच्या शेजारी वैल असायचा. तिथे जाळ पोचायचा नाही, नुसती धग. पेजेचा टोप, आमटी, दूध, सगळं जेवण होईपर्यंत वैलावर, बोट लावलं तर चटका बसेल इतकं गरम. साठ अंशांच्या वर अन्न धरून ठेवायचं म्हणजे हेच. गॅस आला, वैल गेला, आणि अन्न कोमट राहायला लागलं. कोमट हा सगळ्यात वाईट पर्याय. एकतर चटका बसेल असं ठेवा, नाहीतर गार करा, आणि गार करायचं तर लवकर करा. जत्रेच्या मटणाचा मोठा टोप झाकून ठेवला तर त्याचा मधला भाग मध्यरात्रीपर्यंत कोमट असतो. तेच मटण दोन-तीन पसरट भांड्यांत काढा, भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवा, मग फ्रिजमध्ये. आणि फ्रिज पाच अंशांखाली आहे ना, ते बघा. मे महिन्यात गच्च भरलेला फ्रिज तिथवर पोचतोच असं नाही.

बर्फाबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण मासळीच्या बाबतीत आपण बर्फाची काटकसर करतो आणि ती महागात पडते. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. एक किलो मासळी तीस अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे ३०० ग्रॅम बर्फ लागतो. मग होडीवर किलोला किलो बर्फ घ्या असं का सांगतात? कारण बाकीचा बर्फ बाहेरून येणाऱ्या उकाड्याशी झगडत असतो. लादी तळाला ठेवून वर मासे रचले तर वरचे मासे उन्हातच असतात. बर्फाचा चुरा हवा. खाली, वर आणि थरांच्या मध्ये. एक गंमत सांगते. आपल्या समुद्रातल्या मासळीवरचे जंतू कोमट पाण्याला सरावलेले असतात, त्यांना बर्फ सोसत नाही. म्हणून नीट बर्फात ठेवलेली आपली मासळी थंड देशांतल्या मासळीपेक्षा साधारणपणे जास्त दिवस टिकते. निसर्गाने दिलेली ही सवलत आपण प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हात हिंडवतो.

तिसऱ्या आणि कालवं खाणाऱ्यांसाठी एक नाव सांगते, व्हिब्रिओ. हा जंतू समुद्राच्या कोमट पाण्यातलाच रहिवासी. १९५० साली जपानमध्ये ओसाका इथे अर्धवट सुकवलेल्या बारीक मासळीतून २७२ लोक आजारी पडले, २० दगावले, तेव्हा त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी त्याच्या एका जातीचा शोध लावला. उबेत तो दहा-बारा मिनिटांतसुद्धा दुप्पट होतो. सुदैवाने इथे सासूबाईंचा कढ पूर्ण लागू पडतो. तिसऱ्या उघडल्या की लगेच उतरवू नका, आणखी थोडा वेळ शिजू द्या.

वादळाचं राहिलंच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी दार न उघडलेला फ्रिज साधारण चार तास साथ देतो, गच्च भरलेला फ्रीझर जवळजवळ दोन दिवस. सारखं उघडून ‘अजून थंड आहे का’ बघणारा माणूसच त्यातली थंडी बाहेर काढतो. गोठलेल्या माशातले जंतू मेलेले नसतात. बर्फ सुटला की त्यांचं काम जिथे थांबलं होतं तिथून सुरू.

मी आता बाजाराला जाताना आधी भाजी घेते, मग वाणसामान, आणि मासळी अगदी शेवटी. बरोबर झाकणाचा डबा नेते आणि मावशीकडून बांगड्यांवर बर्फाचा चुरा घालून घेते, चुऱ्याचे पैसे वेगळे देऊन. परवा ती पाटीमागून हसून म्हणाली, ‘बाईनू, तुमका बांगडे व्हये काय बरफ?’ मी म्हटलं, दोन्ही तोल.

नमस्कार.